सोळा चांदण्यांचा स्वाध्याय

माणूस जे करतो ते विरून जातं आणि जे अपलोड करतो ते टिकतं, हे आता शिक्षणक्षेत्रात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पूर्वी आमच्या महाविद्यालयात स्वाध्याय कागदावर घेत असत. विद्यार्थी लिहीत, शिपाई गठ्ठे बांधे, मी ते घरी नेई आणि त्यातले काही (खोटं कशाला बोलू) वाचतही असे. त्यातून निष्पन्न काय झालं? काही मुलांना विषय समजला. पण याची नोंद कुठे आहे? कुठेच नाही. म्हणजे बावीस वर्षं मी नेमकं काय करत होतो, हे सिद्ध करायला माझ्याकडे एक ओळसुद्धा नाही.

हा अंधार दूर करायला पोर्टल आलं.

पोर्टलबरोबर कंपनीचा एक प्रशिक्षक आला. वय माझ्या धाकट्या भाच्याएवढं, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात अशी नम्रता की समोरच्याला आपण अडाणी आहोत याची पक्की खात्री पटावी. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्हा चौदा प्राध्यापकांना बसवलं. त्या खोलीत पंखा लावला की पडदा हलतो आणि बंद केला की प्राध्यापक हलतात. दोन तासांच्या प्रशिक्षणातली पहिली पन्नास मिनिटं पासवर्ड तयार करण्यात गेली, कारण पोर्टलला पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागतं. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विसरायला नको म्हणून आपला पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवला. तो सगळ्यांनाच सोयीचा वाटला. आजमितीस अकरा प्राध्यापकांचा पासवर्ड एकच आहे. (अहवालात याची नोंद ‘विभागांतर्गत समन्वय’ अशी केलेली आहे.)

उरलेल्या वेळात प्रशिक्षकानं जे ज्ञान दिलं ते एका वाक्यात मावतं. तो म्हणाला, “सर, ज्या चौकटीपुढे लाल चांदणी असेल ती भरायची. चांदणी नसेल ती सोडली तरी चालते, पोर्टल अडत नाही.”

आम्ही सगळ्यांनी हे वहीत उतरवून घेतलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोनदा उतरवून घेतलं. आयुष्यात काय महत्त्वाचं आणि काय नाही, याचा निवाडा इतक्या स्वच्छपणे आम्हाला कुणीच करून दिला नव्हता.

त्याच आठवड्यात प्राचार्य मॅडमनी महाविद्यालयाचा पहिला ऑनलाइन स्वाध्याय उभा करायची जबाबदारी माझ्यावर टाकली. का, तर माझं अक्षर वाईट आहे.

एखादा स्वाध्याय उभा करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्याला वाटतं, चार ओळी लिहिल्या की झालं. मी त्यासाठी अकरा दिवस घेतले. लाल चांदणीच्या चौकटी सोळा होत्या. स्वाध्यायाचं नाव, क्रमांक, वर्ग, तुकडी. सुरू होण्याची तारीख आणि वेळ. अंतिम तारीख आणि वेळ. अंतिम तारखेनंतरची अंतिम तारीख (अशी एक असते, हसू नका; ही सोय माणसाच्या आयुष्यात असती तर किती बरं झालं असतं). फाइलचा प्रकार. फाइलचा कमाल आकार. किमान शब्दसंख्या. साम्यमर्यादा, म्हणजे एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याचं किती टक्के उतरवलं तर चालेल ते. एकूण गुण. गुणदानाचा तक्ता. आणि सोळावी, विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर आठवण पाठवायची की नाही.

गुणदानाच्या तक्त्यानं माझे तीन दिवस खाल्ले. वीस गुण चार कसोट्यांत वाटायचे होते. मी असे वाटले: मांडणीला पाच, शब्दसंख्येला पाच, वेळेत सादर केल्याला पाच, फाइलला ठरलेल्या पद्धतीनं नाव दिल्याला पाच. पाचवी कसोटी घालायला पोर्टलमध्ये जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर चार कसोट्यांतच सगळं येऊन गेलं असं मलाही वाटलं.

सतराव्या चौकटीपुढे चांदणी नव्हती. आकारानं ती सर्वांत मोठी, पडद्याच्या मध्यभागी, आणि आत करड्या अक्षरांत ‘विवरण (ऐच्छिक)’ असं लिहिलेलं होतं. तिच्याकडे मी क्षणभर पाहिलं. मग नियमाप्रमाणे पुढे गेलो.

पोर्टल अडलं नाही.

पण आमच्याकडे एकट्याच्या शब्दावर काही होत नसतं. तीन सदस्यांच्या पडताळणी समितीनं प्रत्येक चौकट डोळ्यांत तेल घालून तपासली. एका सदस्यानं, स्वाध्यायाचं नाव मराठीत आणि क्रमांक इंग्रजी आकड्यात आहे, एकवाक्यता आणावी, असा शेरा मारला. दुसऱ्यानं फाइलचा आकार पाच एमबीऐवजी चार करावा असं सुचवलं; कारण विचारल्यावर तो म्हणाला, काहीतरी सुचवायला हवं ना. तिसऱ्यानं काही न बघता सही केली आणि समितीचं काम वेळेत संपलं, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. सोळापैकी सोळा चौकटी हिरव्या झाल्या. प्राचार्य मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. महाविद्यालयाच्या वेबसाइटवर माझा फोटो झळकला. घरी बायकोनं तो शेजारणीला दाखवला आणि केस जरा विंचरून जायला काय झालं होतं, एवढंच म्हणाली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता स्वाध्याय खुला झाला. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. एकूण विद्यार्थी एकशे एकोणीस. संध्याकाळपर्यंत बारा उत्तरं आली. पडद्यावरचा आकडा वाढताना पाहून मला जे वाटलं, ते माझ्या पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे आमच्या वर्गातली कंपाउंडरबाई होती.

हिच्याविषयी थोडं सांगायला हवं. वय पस्तिसाच्या उंबरठ्यावर. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधते, म्हणून वर्गातली पोरं तिला कंपाउंडरबाई म्हणतात, आणि तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलंय. लग्नाआधी शिक्षण अर्धवट सुटलं होतं, ते तिनं पंधरा वर्षांनी पुन्हा धरलं. सासूबाईंनी, तू शीक, मी आहे, म्हणत स्वयंपाकघर आपल्या अंगावर घेतलं. मोठ्या सरकारी रुग्णालयात नोंदणी कारकुनाची जागा निघणार होती. पदवी हवी आणि वय पस्तिसाच्या आत. म्हणजे हेच वर्ष. हे हुकलं तर पदवी मिळेल, पण ती घेऊन जायचं कुठे हा प्रश्न उरेल. हे सगळं मला माहीत होतं, कारण प्रवेशाच्या वेळी तिनं ते मलाच सांगितलं होतं आणि मी तिला, बाई, जिद्द सोडू नका, असं म्हणालो होतो. असं बोलताना मी फार छान दिसतो.

फोनवर मागे कुणीतरी खोकत होतं. ती म्हणाली, “सर, स्वाध्यायात प्रश्न काय आहे?”

मी जरा ताठरलो. सूचना नीट वाचा, म्हटलं. अकरा दिवस राबून उभी केलेली गोष्ट न वाचता फोन लावणाऱ्यांची मला चीड आहे.

“सगळं वाचलं सर. बाराशे शब्द, पीडीएफ, चार एमबी, शनिवारी पाचपर्यंत. पण लिहायचं कशावर, ते दिसत नाहीये.”

मी पोर्टल उघडलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. ती सतरावी चौकट प्रश्न लिहिण्याची होती. स्वाध्यायात नाव, क्रमांक, तारखा, गुण, सगळं होतं. प्रश्न नव्हता.

आता इथे घाबरट माणूस चूक कबूल करून मोकळा झाला असता. मी आधी प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवाल्या सहायकाकडे गेलो आणि आता प्रश्न घालता येईल का, असं हळूच विचारलं. त्यानं खुर्ची फिरवली. एकदा उत्तरं यायला लागली की चौकटीत बदल करता येत नाही, केलाच तर पोर्टल तो नवा स्वाध्याय धरतं आणि आलेली उत्तरं पुसून टाकतं, मॅडमच्या पडद्यावर आकडा शून्य होतो, असं त्यानं समजावलं. आणि त्रेचाळीस आलीत, अशी पुस्ती जोडली.

“त्रेचाळीस काय आलीत?” मी विचारलं.

“उत्तरं,” तो म्हणाला, आणि पुन्हा खुर्ची फिरवून बसला.

आम्ही ती उघडून पाहिली. सव्वीस उत्तरांचं पहिलं शीर्षक ‘प्रस्तावना’ होतं, त्यानंतर महत्त्व, फायदे, तोटे आणि समारोप. कशाचं महत्त्व आणि कुणाचे तोटे, याचा उल्लेख टाळलेला होता. भाषा मात्र ओघवती. सात जणांनी जलप्रदूषणावर लिहिलं होतं. चौघांनी दुसऱ्याच विषयाचा मागच्या वर्षीचा स्वाध्याय जसाच्या तसा चिकटवला होता. एकानं गॅसजोडणी दुसऱ्या पत्त्यावर करून मिळण्याचा अर्ज बाराशे शब्दांपर्यंत ताणून सादर केला होता. (माझ्या तक्त्याप्रमाणे त्याला नंतर चौदा गुण पडले. तारीख, पत्ता, विषय, विनंती, सही, सगळं जागच्या जागी. अशी मांडणी आमच्या कित्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जमत नाही.) उरलेल्या पाच जणांचं मला काही कळलं नाही, पण शब्दसंख्या भरत होती.

सांगायचं तात्पर्य, त्रेचाळिसांपैकी एकालाही काही अडलं नव्हतं.

बुधवारी समितीची तातडीची बैठक झाली. मी वस्तुस्थिती मांडली, म्हणजे जेवढी मांडणं इष्ट होतं तेवढी. प्राचार्य मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एव्हाना उत्तरं एकसष्ट झाली होती आणि वरच्या कार्यालयाकडून या उपक्रमाबद्दल अभिनंदनाचं पत्र आलेलं होतं. समितीनं पुढील निष्कर्ष काढले. एक, एकसष्ट विद्यार्थ्यांनी उत्तर दिलेलं असल्यानं स्वाध्याय उत्तर देण्याजोगा आहे. दोन, अडचण एकाच विद्यार्थिनीला आली. तीन, सबब अडचण स्वाध्यायात नसून विद्यार्थिनीत आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. ज्येष्ठ सहकारी तर म्हणाले, प्रश्न विचारून आपण आजवर मुलांच्या प्रतिभेला वेसण घालत होतो. ते वाक्य इतिवृत्तात घेतलं.

शुक्रवारी कंपाउंडरबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वतः आली. हातात वही, वहीत दाट अक्षरांत काढलेली टिपणं, काही पानांना गोळ्यांच्या कागदी पाकिटांच्या खुणा. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

पोर्टलमध्ये जमत नसेल तर मी तोंडी सांगावं, ती इथे बसून लिहील, वर्षभराचं सगळं तिनं वाचलंय, कुठलाही प्रश्न चालेल, असं ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला नियम समजावला. एकशे एकोणीस जणांपैकी एकीलाच प्रश्न सांगणं हा उघड पक्षपात ठरेल आणि बाकीच्या एकशे अठरा जणांवर अन्याय होईल. उद्या ते म्हणतील, आम्हाला का नाही सांगितला?

“मग काय करू सर?”

मी आवाज खाली आणला. म्हटलं, अहो बाई, बाराशे शब्द काहीही लिहा आणि टाकून द्या. कोण वाचतंय?

ती म्हणाली, “काहीही कसं देऊ सर? काय होतंय ते विचारल्याशिवाय मी कुणाला साधी गोळीसुद्धा देत नाही.”

मला भयंकर राग आला. इतका राग मला फक्त बरोबर असलेल्या माणसाचा येतो. मी तिला ठणकावलं की हा दवाखाना नाही, महाविद्यालय आहे, इथे कुणी बरं व्हायला येत नाही. ती वही मिटून निघून गेली. टेबलावर तिच्या वहीतलं रिकामं पाकीट पडलं होतं, ते मी केराच्या टोपलीत टाकलं.

शनिवारी संध्याकाळी पाचला दहा मिनिटं कमी असताना तिनं फाइल चढवली. नाव अचूक, प्रकार अचूक, आकार चार एमबीच्या कितीतरी आत. आत एकच ओळ: ‘प्रश्न मिळाल्यास उत्तर देईन.’ पोर्टलनं शब्द मोजले, चार निघाले, बाराशेला अकराशे शहाण्णव कमी पडले, फाइल परत केली. पाच वाजता स्वाध्याय बंद झाला. एकशे अठरा सादर, एक अपूर्ण. टक्केवारी नव्याण्णव पूर्णांक सोळा शतांश.

स्वाध्याय अपूर्ण असेल तर परीक्षेचं प्रवेशपत्र निघत नाही. हा नियम माझा नाही, पोर्टलचा आहे.

अर्थात अंतिम तारखेनंतरची अंतिम तारीख शिल्लक होती. तिच्यासाठी उशिराचं कारण यादीतून निवडावं लागतं. यादी सविस्तर आहे: आजार, नेटवर्क, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचा मृत्यू, इतर. कंपाउंडरबाईनं ‘इतर’ निवडलं आणि पुढे खरं ते लिहिलं. ‘इतर’ला स्वाध्याय उभा करणाऱ्या प्राध्यापकाची मंजुरी लागते. म्हणजे माझी. पडद्यावर दोन बटणं आली. ‘मंजूर’ दाबलं असतं तर तिला मुदत मिळाली असती, आणि माझ्या स्वाध्यायात प्रश्न नव्हता हे माझ्याच लॉगिननं कायमचं नोंदलं गेलं असतं.

मी ‘नामंजूर’ दाबलं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि लाज वाटते हे लिहिताना जरा बरंही वाटतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं.

तिचं नाव यादीतून वगळल्यावर सादरीकरण एकशे अठरापैकी एकशे अठरा, म्हणजे शंभर टक्के झालं. सरासरी गुण सोळा पूर्णांक चार. साम्यतपासणीत त्र्याहत्तर उत्तरं लाल आली होती, म्हणून मी साम्यमर्यादा (मुदत संपल्यावर पोर्टल ही एकच चौकट बदलू देतं) चाळीसवरून पंच्याण्णव टक्के केली आणि सगळी हिरवी झाली. वरच्या कार्यालयाचा पुरस्कार घ्यायला प्राचार्य मॅडम आणि मी गेलो. कार्यालयवाले आता आजूबाजूच्या नऊ महाविद्यालयांत आमचा नमुना राबवतायत. तिथले लोक फोन करून शंका विचारतात. बहुतेक शंका फाइलच्या आकाराबद्दल असतात.

पुढच्या वर्षी कामच उरलं नाही. पोर्टलमध्ये ‘मागील स्वाध्याय तसाच घ्या’ असं एक बटण आहे. एकदा दाबलं, सोळाच्या सोळा चांदण्या आपोआप भरल्या. या वेळी विद्यार्थी एकशे एकतीस. त्यांत वर्ष वाया गेलेली कंपाउंडरबाईही होती.

सोमवारी नऊ वाजता स्वाध्याय खुला झाला आणि नऊ वाजून सात मिनिटांनी तिचं उत्तर आलं. सगळ्यांच्या आधी. बाराशे चौदा शब्द. प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, समारोप. मी ते शेवटपर्यंत वाचलं. त्यात एक वाक्य सापडलं नाही की जे तिच्या वहीतलं असेल. तिला अठरा गुण पडले, पदवी मिळाली. रुग्णालयातली जागा त्याआधी पाच महिने भरली गेली होती आणि तिला पस्तिसावं सरलं होतं. पदवीदान समारंभात तिनं मला वाकून नमस्कार केला. कोणता विद्यार्थी आमच्या शिक्षणानं सर्वांत जास्त बदलला, असं कुणी विचारलं तर मी तिचंच नाव घेईन, मात्र हजेरीपट बघून.

तुम्हाला तिची कणव आली असेल. माझ्या नावानं बोटंही मोडली असतील. त्या एकशे अठरा जणांना तर तुम्ही मनातल्या मनात मेंढरं म्हणून मोकळे झाला असाल. बरोबरच आहे. तुम्ही माझ्या सोळा चौकटी वाचल्यात, शब्दसंख्या वाचलीत, टक्केवारी शतांशापर्यंत वाचलीत, पंखा आणि पडदासुद्धा वाचलात. बावीस वर्षं शिकवणारा हा माणूस शिकवतो कोणता विषय, हे मी पहिल्या ओळीपासून इथपर्यंत कुठेच सांगितलेलं नाही. आणि तुमचंही काही अडलं नाही.

तिनं विचारलं असतं. म्हणजे, पहिल्या वर्षीच्या तिनं.